गंधसंवेदना : मेंदूच्या आजारांची एक खूण

(द्वितीय वर्ष, कला)

पाच ज्ञानेंद्रियांमध्ये नाकाला आपण फारसा मान देत नाही. डोळा आणि कान यांच्यावर आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात पानेच्या पाने आहेत; नाक मात्र दोन-तीन परिच्छेदांत आटोपते. गेल्या वर्षी ‘संवेदन’ हे प्रकरण शिकवताना तास संपता संपता सर सहज बोलून गेले की, मेंदूच्या काही आजारांत वासाची जाण इतर लक्षणांच्या पुष्कळ आधी मंदावते. घंटा झाली, मुलामुलींनी वह्या मिटल्या. मी मात्र जागची उठले नाही. त्या एका वाक्यात मला आमच्या घरातली काही वर्षे दिसली होती.

महाविद्यालयाची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आज्जा म्हणतो, कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांवर गुळव्याचे काम करीत. ज्या वाचकांनी गुऱ्हाळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळतात. वर येणारी मळी काढीत राहतात. रस आटत आटत त्याचा पाक होतो आणि नेमक्या क्षणी काहील चुलवाणावरून उतरवावी लागते. तो क्षण चुकला तर गूळ एक तर नीट बसत नाही, नाही तर करपतो. हा क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. पाकाचे बुडबुडे, त्याची तार, पाण्यात टाकलेल्या थेंबाची होणारी गोळी आणि वास या साऱ्यांवरून तो निर्णय घेतो. आज्जाचा भर वासावर असे. काहिलीकडे पाठ करून चहा पीत बसले असतानाही ते एकदम ‘उतरा आता’ म्हणत, आणि गूळ पिवळाधमक निघे.

२०१६ सालच्या हंगामात त्यांच्या हातून लागोपाठ दोन काहिलींचा गूळ करपला. मालकाने हंगाम संपण्याआधीच दुसरा गुळव्या आणला. गावात कोणी म्हातारपणाला दोष दिला, कोणी दारूचे नाव घेतले. आज्जाने जन्मात दारूला हात लावलेला नाही. पुढे घरात जेवणावरून कुरकुर सुरू झाली. ‘आमटीला चव न्हाई,’ असे आज्जाने म्हणावे, आईने मीठ-तिखट वाढवावे, मग ते इतर कोणाला खाववू नये, आणि आज्जीने म्हणावे, ‘सुनंच्या हाताला चवच न्हाई.’ मी तेव्हा चौथीत होते. ताट सरकवणाऱ्या आज्जाची नक्कल करून मी भावंडांना हसवीत असे. त्याच सुमारास आज्जा रात्री झोपेत ओरडू लागले, हातपाय झाडू लागले. आज्जीने दृष्ट काढली. देवऋषीही आणून झाला.

२०२० साली करोना आला आणि वास जाणे ही गोष्ट घरोघर बोलली जाऊ लागली. टीव्हीवर ते ऐकून आज्जा म्हणाले, ‘माझा वास जाऊन चार वर्सं झाली. मग मला काय चार वर्सं करोना झालाय व्हय?’ आम्ही सारे हसलो. त्या वाक्याचा अर्थ विचारावा असे आमच्यापैकी कोणालाही वाटले नाही. तो अर्थ शोधण्याच्या प्रयत्नातून प्रस्तुत लेख तयार झाला आहे.

नाकापासून मेंदूपर्यंत

वास म्हणजे पदार्थापासून सुटून हवेतून आलेले अतिसूक्ष्म रेणू. नाकाच्या पोकळीत अगदी वर, छताशी, एका पातळ अस्तरात वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात. या पेशींवर निरनिराळ्या प्रकारचे ग्राहक असतात आणि ते घडवणाऱ्या जनुकांचे फार मोठे कुटुंब आहे, हे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली दाखवून दिले. त्याबद्दल त्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसामध्ये अशा ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. एक वास अनेक ग्राहकांना कमी-अधिक जागे करतो. मोजक्या अक्षरांतून जसे असंख्य शब्द बनतात, तसे या मोजक्या ग्राहकांच्या जुळणीतून आपल्याला असंख्य वास ओळखता येतात.

या पेशींचे धागे चाळणीसारखी भोके असलेल्या एका हाडातून वर जातात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात पोचतात. घ्राणकंद हा मेंदूचाच भाग होय. पाहणे, ऐकणे, स्पर्श यांचे निरोप मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातात. वासाचा निरोप मात्र तेथे न थांबता थेट भावना आणि स्मृती यांच्याशी संबंधित भागांकडे जातो. एखाद्या वासासरशी लहानपण डोळ्यांपुढे उभे राहते, ते बहुधा यामुळेच. तेव्हा वासात बिघाड झाला, तर तो बिघाड नाकात असेल, वाटेवरच्या धाग्यांत असेल, किंवा मेंदूतही असेल. डोक्याला जोराचा मार बसल्यावर कित्येकांचा वास जातो, तो हे नाजूक धागे त्या हाडापाशी तुटल्यामुळे.

आणखी एक गोष्ट मला हे वाचताना कळली. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक चव, जिला उमामी म्हणतात, एवढ्याच मुख्य चवी कळतात. आपण ज्याला आमटीची ‘चव’ म्हणतो, तिचा मोठा भाग घास चावताना घशामागून नाकात चढणारा वास असतो. वास गेलेल्या माणसाला मीठ कळते, तिखट झोंबते, परंतु फोडणी कळत नाही. आईच्या हाताची चव कुठेही गेलेली नव्हती.

कंपवात आणि न विचारलेला प्रश्न

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टराने १८१७ साली कंपवातावर एक निबंध लिहिला. हात थरथरणे, चाल बदलणे, पुढे वाकणे ही लक्षणे त्याने सहा रुग्णांच्या आधारे वर्णिली. या आजारात ज्ञानेंद्रिये आणि बुद्धी शाबूत राहतात, असे त्याने आरंभीच्या व्याख्येतच म्हटले होते. आजाराला पुढे त्याचेच नाव मिळाले. या रुग्णांची वासाची शक्ती कमी झालेली असते, हे रीतसर तपासून मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला तो १९७५ साली, म्हणजे १५८ वर्षांनी. एवढी वर्षे रुग्ण होते आणि त्यांना नाकेही होती. नाकाविषयी विचारणारे मात्र विरळाच. रुग्णही आपण होऊन सांगत नसत. १९८८ च्या एका अभ्यासात असे दिसले की, ज्यांची वासाची शक्ती चाचणीत स्पष्टपणे कमी निघाली, त्यांतल्या बहुसंख्यांना त्याची स्वतःला जाणीवच नव्हती. दृष्टी गेली तर माणूस ठेचाळतो. वास हळूहळू जातो तेव्हा माणूस आमटीला नावे ठेवतो.

असे का होते? या आजारात ‘आल्फा-सिन्यूक्लीन’ नावाच्या प्रथिनाचे गोळे चेतापेशींत साठतात. हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून २००३ साली असा विचार मांडला की, पुष्कळ रुग्णांत हे गोळे प्रथम घ्राणकंदात आणि मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात दिसतात आणि तेथून वर सरकतात. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशींपर्यंत ते नंतर पोचतात. सर्वच रुग्णांत हाच क्रम असतो असे नाही, आणि या मतावर वादही आहेत. परंतु वास जाणे, बद्धकोष्ठ आणि झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे या गोष्टी थरथरीच्या कित्येक वर्षे आधी येऊ शकतात, हे आता सर्वमान्य आहे. झोपेतल्या त्या ओरडण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे, हे मी वाचले तेव्हा मला आमच्या दारात लिंबू उतरवणारा देवऋषी आठवला.

आज्जाच्या उजव्या हाताचा अंगठा २०२१ च्या अखेरीस थरथरू लागला. २०२२ साली आम्ही त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी हात वाकवून पाहिले, चालवून पाहिले आणि मग विचारले, ‘बाबा, वास येतो का तुम्हाला?’ आज्जांनी माझ्या वडिलांकडे पाहिले आणि म्हणाले, ‘सहा वर्सं न्हाई येत.’ सहा वर्षांत हा प्रश्न त्यांना प्रथमच कोणी विचारला होता.

विस्मरण, उदासी आणि भास

गंधाचा संबंध एकट्या कंपवाताशी नाही. स्मृतिभ्रंशाच्या आल्झायमर या प्रकारात ज्या भागांना सुरुवातीलाच इजा पोचते, त्यांत वासाचे निरोप स्मृतिकेंद्राकडे नेणारा भागही येतो. अशा माणसाला पुष्कळदा काहीतरी वास आल्याचे कळते, पण तो कशाचा हे सांगता येत नाही. वास कळणे आणि वास ओळखणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि त्यांत अंतर पडले तर ते नाकापेक्षा मेंदूकडे अधिक बोट दाखवते.

तीव्र नैराश्यात काही रुग्णांना फिकट वास जाणवत नाहीत. उलट, ज्यांचा वास अन्य कारणाने गेला आहे, त्यांच्यात उदासी वाढते. जेवणाचा, पावसाचा, घरच्या माणसांचा वास नाहीसा झाल्यावर माणूस खिन्न होणे स्वाभाविकच आहे. तेव्हा येथे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे सोपे नाही. छिन्नमनस्कता या आजारातही वास ओळखण्याची क्षमता सरासरीने कमी आढळते.

जो वास आसपास नाहीच, तो येणे हाही प्रकार आहे. फेफऱ्याच्या एका प्रकारात झटका येण्यापूर्वी क्षणभर जळकी किंवा घाणेरडी दुर्गंधी येते. हा दोष कानशिलाच्या आतल्या भागात असतो, हे ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले. काही माणसांना आपल्याच अंगाला दुर्गंधी येते असे सतत वाटते आणि ती लोकांत जाणे सोडतात. इतरांना तसा वास येत नसतो. या विकाराला १९७१ साली नाव मिळाले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. अशा माणसाला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे हिणवून उपयोग नसतो, त्याला उपचाराची गरज असते.

कधी आजारालाच वास असतो. स्कॉटलंडमधील पर्थ या गावच्या जॉय मिल्न या परिचारिकेला आपल्या पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे जाणवले. त्यांना कंपवात असल्याचे निदान त्यानंतर सुमारे १२ वर्षांनी झाले. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी तिला १२ जणांचे अंगातले सदरे हुंगायला दिले. त्यांतले ६ रुग्ण होते. तिने सहाही ओळखले आणि एका निरोगी माणसाचा सदराही रुग्णाचा म्हणून बाजूला काढला. काही महिन्यांनी त्या माणसालाही तोच आजार असल्याचे निष्पन्न झाले. हा वास त्वचेवरच्या तेलकट स्रावातून येतो, असे पुढील संशोधनात दिसले आणि त्यावरील निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात रोग्याच्या अंगाला येणाऱ्या गंधावरून अनुमान करण्यासाठी एक प्रकरणच आहे. त्यातील अनुमाने आज जशीच्या तशी मानता येणार नाहीत. परंतु वैद्याने नाकही वापरावे, ही अपेक्षा त्यात दिसते.

खूण म्हणजे निकाल नव्हे

येथवर वाचून एखाद्या वाचकाला धास्ती वाटेल, म्हणून हा भाग मुद्दाम लिहीत आहे. वास कमी होण्याची बहुतेक कारणे साधी असतात : सर्दी, नाकातील सूज वा मांसवाढ, विषाणूचा संसर्ग, धूम्रपान, डोक्याला मार, काही औषधे आणि निव्वळ वय.

हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. २,२६७ जणांना १२ वास ओळखायला दिले आणि पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्या काळात ३५ जणांना कंपवात झाला. सर्वांत कमी वास ओळखणाऱ्या चौथ्या हिश्श्यातल्या लोकांना पहिल्या चार वर्षांत हा धोका इतरांपेक्षा बराच जास्त होता. मी वहीत साधा हिशेब मांडून पाहिला. चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ५६७ माणसे. आजारी पडलेले सगळेच्या सगळे ३५ जण याच हिश्श्यातले धरले, तरी उरलेल्या पाचशेहून अधिक लोकांना वास कमी असूनही त्या काळात हा आजार झाला नाही. म्हणून वास जाणे ही खूण आहे, निकाल नाही. तिच्याबरोबर दुसऱ्या खुणा आहेत का, हे पाहणे डॉक्टरांचे काम. पहिली भेट कान-नाक-घसा तज्ज्ञाची घ्यावी.

आमची डब्यांची चाचणी

वास मोजण्याची सर्वांत प्रसिद्ध चाचणी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली तयार केली. तिच्यात ४० वास असतात. कागदावरची पट्टी खरवडायची, हुंगायचे आणि दिलेल्या चार उत्तरांपैकी एक निवडायचे. नुसत्या अंदाजाने उत्तरे दिली तरी सरासरी १० बरोबर येतात, ही त्यातली खुबी. परंतु मूळ अमेरिकन चाचणीतले काही वास म्हणजे रूट बिअर, चेडर चीज, शेपूची पाने घालून मुरवलेली विलायती काकडी. हे वास आज्जांना तरुणपणीही ओळखता आले नसते. ज्याने जो वास कधी घेतलाच नाही, त्याला तो ओळखता आला नाही म्हणून त्याचा मेंदू बिघडला असे कसे म्हणावे? म्हणूनच अशा चाचण्या निरनिराळ्या देशांत तेथल्या वासांनी बदलून घ्याव्या लागतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक खेळ मांडला. त्याला चाचणी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. सहा डब्यांत हिंग, मेथी, लसूण, रॉकेल, कापूर आणि गूळ ठेवला. आज्जांचे डोळे आज्जीने पदराने झाकले. हिंगाला ते काही बोलले नाहीत. मेथी, लसूण, रॉकेल यांनाही मान हलवली. कापराला म्हणाले, ‘गार झोंबतंय कायतरी.’ मी वाचले होते की, कापूर वासाच्या चेतातंतूखेरीज चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या वेगळ्या चेतातंतूलाही डिवचतो. म्हणजे त्यांना तो लागला, वास आला नाही. शेवटी गुळाची डबी नाकाशी धरली. त्यांनी दोनदा श्वास ओढला आणि म्हणाले, ‘ही रिकामी हाय.’

आज्जीने पदर काढून घेतला. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने ती आईला म्हणाली, ‘तुझ्या आमटीला नावं ठेवलीत गं आम्ही इतकी वर्सं.’ आई काही बोलली नाही. चुलीवरचे दूध उतू चालले होते, ते उतरवायला उठली.

कंपवाताची औषधे आज्जांना लागू पडली आहेत. ताठरपणा कमी झाला, ते गावात फिरून येतात. गेलेला वास मात्र या औषधांनी परत येत नाही. घरात आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. गॅसच्या खोलीत त्यांना एकटे बसवायचे नाही, कारण गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मिसळलेला उग्र वास त्यांच्यासाठी नसल्यासारखाच आहे. शिळे अन्न त्यांच्या ताटात जाणार नाही, हे आईने स्वतःकडे घेतले आहे. त्यांच्या आमटीत ती लिंबू आणि मिरी थोडी जास्त घालते, कारण आंबट जिभेला कळते आणि मिरी झोंबते.

२०१६ साली कोणी विचारले असते, तर आज्जांचा आजार टळला असता असे मी म्हणत नाही. या आजाराला समूळ घालवणारे औषध नाही. परंतु त्यांच्यावर दारूचा आळ आला नसता आणि आईला बोल लागला नसता. माझ्या वाचक मित्रमैत्रिणींच्या घरीही आजी-आजोबा असतील. त्यांच्यापैकी कोणी जेवणाला चव नाही म्हणू लागले, तर स्वयंपाक करणारीला दोष देण्याआधी त्यांना एकदा विचारावे, ‘तुम्हाला वास येतो ना?’